सिकलसेल : लेकरांचं खाल्लेलं अंगी का लागत नाही?

वैनगंगाकाठ

सिकलसेल म्हणजे तांबड्या रक्तपेशी विळ्यासारख्या वाकवणारा आनुवंशिक आजार. १९ जूनला दरवर्षी सिकलसेल दिन होतो. फलक लागतात, प्रभातफेरी निघते, "लग्नाआधी रक्त तपासा" हे सांगून होतं. ते हवंच. पण ज्यांच्या घरी एसएस पॅटर्नचं (आईवडील दोघांकडून सिकलचा जनुक आलेलं, म्हणजे आजार असलेलं) लेकरू आधीच आहे त्यांच्या उपयोगाचं त्या फलकावर फारसं काही नसतं. मी बरीच वर्षं गडचिरोली जिल्ह्यात समुपदेशनाच्या कामात आहे. आयांच्या तोंडून सगळ्यात जास्त ऐकलेली तक्रार दुखण्याची नाही, वजनाची आहे. "खाते तर बरं, पण अंगी लागत नाही."

त्यावर त्यांना मिळणारं उत्तर ठरलेलं : "नीट खाऊ घालत जा." वजनाचा तक्ता खाली घसरला की आधी आईची चौकशी होते. घरात दारू आहे का, कामावर जाताना पोर कोणाकडे ठेवता, टीएचआरचं (अंगणवाडीतून घरी मिळणाऱ्या पोषण आहाराचं) पाकीट बकरीला घालता का. हा धागा त्या उत्तराविरुद्ध आहे.

एसएस मूल शांत पडलेलं असतं, ताप नाही, दुखणं नाही, तेव्हाही त्याचं शरीर त्याच्याच वजनाच्या निरोगी मुलापेक्षा जास्त ऊर्जा खर्च करतं. हे मोजलेलं आहे. रात्रभर काही न खाल्लेल्या मुलाला सकाळी निजवून ठेवतात, डोक्यावर पारदर्शक प्लास्टिकचा टोप ठेवतात आणि श्वासावाटे किती ऑक्सिजन आत गेला, किती कार्बन डायऑक्साइड बाहेर आला ते नोंदवतात. त्यावरून विश्रांतीतला खर्च निघतो. जमैका आणि अमेरिकेत अशा मोजण्या १९८० च्या दशकाच्या अखेरीपासून होत आल्या आहेत. बहुतेक अभ्यासांत हा खर्च १० ते २० टक्के जास्त भरतो.

जातो कुठे? निरोगी तांबडी पेशी १२० दिवस जगते, सिकलची १० ते २० दिवस. त्यामुळे अस्थिमज्जेला उसंत नाही. हिमोग्लोबिन ७-८ वर असतं, म्हणून हृदयाला दर मिनिटाला जास्त रक्त ढकलावं लागतं. शरीरातली प्रथिनं मोडण्याचा आणि नव्यानं बांधण्याचा वेग वाढलेला असतो आणि त्या बांधकामाला ऊर्जा लागते. चौथा वाटेकरी दाह, ज्याला डॉक्टर मंडळी इन्फ्लमेशन म्हणतात.

हा दाह गळवासारखा डोळ्यांना दिसत नाही. तांबड्या पेशी फुटल्या की त्यांच्यातलं हिमोग्लोबिन आणि हीम रक्तात सांडतं. जिवाणूंचं विष ओळखण्यासाठी आपल्या पेशींवर टीएलआर-४ नावाचा ग्राहक असतो. हे मोकळं हीम नेमकं त्यालाच चेतवतं. म्हणजे जंतू नसताना जंतू शिरल्याची वर्दी जाते. मोकळं हिमोग्लोबिन नायट्रिक ऑक्साइड संपवून टाकतं, त्यामुळे बारीक रक्तवाहिन्या आखडतात. त्यांच्या अस्तराला पांढऱ्या पेशी चिकटतात, मग त्यात विळ्याच्या आकाराच्या पेशी अडकतात. रक्त थांबतं, सुटतं, पुन्हा थांबतं, आणि दर वेळी थोडी इजा होते. आयएल-६, टीएनएफ-अल्फा यांसारखी दाह वाढवणारी रसायनं, सीआरपी (दाह दाखवणारं रक्तातलं प्रथिन), पांढऱ्या पेशींची संख्या, हे सगळं दुखण्याचा झटका नसतानाही अनेक मुलांत चढं राहतं. आईला यातलं काही दिसत नाही. तिला दिसतात फासळ्या.

इथे डॉक्टर, शिक्षक, लॅबवाले, पालक सगळेच आहेत. आपापला अनुभव लिहा.

आकडेमोड्या

धागा आवडला, पण एक शंका काढतोच. ८ वर्षांचा, २० किलोचा मुलगा धरू. नेहमीच्या सूत्राने त्याचा विश्रांतीतला खर्च दिवसाला साधारण ९५० कॅलरी येतो. त्याचे १५ टक्के म्हणजे १४० च्या आसपास. दोन अंडी! किंवा मूठभर शेंगदाणे. एवढ्याने मूल खुंटतं हे पटायला जड जातं. बाकीचं कुपोषण तुम्ही सिकलसेलच्या खात्यावर तर टाकत नाही ना?

बालरोगवाला

आकडेमोड्या, तुमचा हिशोब बरोबर आहे. फक्त तो १४० चा आकडा दिवसभराच्या एकूण खाण्याशी लावू नका, वाढीला किती लागतं त्याच्याशी लावून बघा. हे मूल वर्षाला २ किलो वाढायला हवं असं धरा. एक ग्रॅम वजन वाढायला साधारण ५ कॅलरी लागतात. वर्षाचे झाले १०,०००, दिवसाचे सत्तावीस-अठ्ठावीस. या वयात वाढीचा खर्च एवढा लहान असतो. त्यापुढे १४० ची तूट ठेवा. वाढ पूर्ण थांबवली तरी ती भरून निघत नाही.

मग शरीर दुसरीकडे हात आखडतं. काही अभ्यासांत दिवसभराचा एकूण खर्चही मोजला. विश्रांतीतला खर्च जास्त, पण एकूण खर्च निरोगी मुलांइतकाच किंवा कमी. याचा अर्थ ही मुलं हालचाल कमी करतात. कोणी सांगितलेलं नसतं, आपोआप होतं. वर्गात बसून राहणारं, मैदानाच्या कडेला उभं राहणारं मूल.

आणि हे झालं चांगल्या दिवसांचं. झटका आला, ताप आला की खाणं निम्म्यावर येतं आणि खर्च आणखी चढतो. तापाच्या दर एक अंश सेल्सिअसमागे चयापचय १० टक्क्यांहून जास्त वाढतो. त्या आठवड्यात गेलेलं वजन परत यायच्या आत पुढचं दुखणं दारात.

कुपोषणाबद्दल : आपल्याकडे दोन्ही एकाच घरात असतात, हे तुमचं खरं आहे. घरात तूट आहेच आणि त्यावर ही जास्तीची. म्हणून तर भरपूर टीएचआर देऊनही सॅम-मॅममधून (अतितीव्र आणि मध्यम कुपोषणाच्या गटांतून) बाहेर न येणाऱ्या मुलाची सोल्युबिलिटी (सिकलसेलची प्राथमिक रक्तचाचणी) केलेली आहे का, हे विचारायला हवं. धानोरा, भामरागड, मेळघाट, नंदुरबार या पट्ट्यात तर पहिल्याच भेटीत.

आकडेमोड्या

वाढीचा खर्च इतका कमी असतो हे ठाऊक नव्हतं. पटलं. वाचनखूण साठवली आहे.

धानपट्टा_आई

भाऊ, मी लिहू का. माही पोरगी एसएस आहे, ९ वर्षाची. तिच्यापेक्षा दोन वर्षानं लहान असलेला भाऊ तिच्या डोक्यावर गेला. बाया विचारतात, पोराले खाऊ घालते अन् पोरीले नाही का वं? असं मनाले लागते ना. पोरगी तर त्याच्याइतकंच जेवते, एखाद्या दिवशी जास्तच. तुमचं वाचून समजलं. चुलीवर गंज नाही अन् खाली जाळ चालूच, असं आहे हे.

मले एकच विचारायचं आहे. डॉक्टरनं हायड्रॉक्सियुरिया लिहून दिलं. गावातला एकजण म्हणाला ते कॅन्सरचं औषध आहे, पोरीले देऊ नको, वाढ खुंटते. मी तसंच ठेवून दिलं आहे डब्यात.

बालरोगवाला

ताई, डबा उघडा आणि ज्यांनी लिहून दिलं त्यांच्याकडे या आठवड्यात परत जा. औषध काही रक्ताच्या कॅन्सरमध्ये वापरतात ही गोष्ट खरी आहे, पण सिकलसेलमध्ये मात्रा कमी असते आणि उद्देश वेगळा असतो. ते गर्भातलं हिमोग्लोबिन, एचबीएफ, वाढवतं. एचबीएफ जास्त असलं की पेशी विळ्यासारख्या वाकायला वेळ लागतो, फुटतात कमी. शिवाय ते पांढऱ्या पेशी कमी करतं, म्हणजे दाहाच्या मुळावरच थोडा घाव बसतो.

वाढ खुंटते ही भीती मात्र उलटी आहे. अमेरिकेत औषध घेणाऱ्या आणि न घेणाऱ्या मुलांचा विश्रांतीतला खर्च मोजला, तेव्हा घेणाऱ्यांचा कमी भरला. उंची-वजनावर वाईट परिणाम आढळलेला नाही. अंगोला, काँगो, केनिया आणि युगांडा या देशांत मुलांवर मोठी चाचणी झाली, २०१९ साली तिचे निष्कर्ष छापून आले. झटके कमी, रक्त चढवणं कमी, मलेरियासुद्धा कमी. आपल्यासारखीच परिस्थिती असलेले देश आहेत ते, म्हणून मुद्दाम सांगतो.

पाळायच्या गोष्टी : सुरुवातीला दर महिन्याला आणि नंतर डॉक्टर सांगतील तसं सीबीसी (रक्तपेशींची मोजणी) करायचं, कारण पांढऱ्या पेशी किंवा प्लेटलेट फार उतरल्या तर औषध काही दिवस थांबवावं लागतं. वजन वाढलं की मात्रा बदलते. आणि बरं वाटतंय म्हणून बंद करायचं नाही. परिणाम दिसायला काही महिने लागतात, पहिल्या पंधरवड्यात काही झालं नाही म्हणून डबा पुन्हा फळीवर जाऊ नये.

सूक्ष्मदर्शी

मी लॅबमध्ये आहे, त्यामुळे माझं गाऱ्हाणं कागदावरच्या आकड्यांचं.

एक. सिकलसेलच्या मुलाच्या सीबीसीत पांढऱ्या पेशी १३-१४ हजार येतात, शेजारी ठळक 'एच' छापलेला असतो. तो कागद बाहेर जातो आणि प्रतिजैविक सुरू होतं. अनेक मुलांचा तो रोजचा आकडा असतो, दाहामुळे. दुसरं म्हणजे मज्जा घाईघाईत केंद्रक असलेल्या कच्च्या तांबड्या पेशी रक्तात सोडते आणि साधं मशीन त्यांनाच पांढऱ्या समजून मोजतं. स्लाइड बघून आकडा दुरुस्त करायला हवा. लिहून पाठवतो, कोणी वाचतं का कोण जाणे.

दोन. ईएसआर, म्हणजे तांबड्या पेशी नळीत किती वेगाने खाली बसतात ते मोजणारी तपासणी. हा प्रकार तर उलटाच आहे. दाह असला की ईएसआर वाढतो असं सगळ्यांना माहीत असतं. पण तो वाढण्यासाठी तांबड्या पेशींची चवड लागावी लागते, नाण्यांवर नाणी रचतात तशी, आणि मग ती चवड जड होऊन नळीत लवकर खाली बसते. विळ्याच्या आकाराच्या पेशींची चवडच लागत नाही. त्यामुळे अंगात दाह असूनही ईएसआर कमी येऊ शकतो. "ईएसआर ५ आहे, काही नाही" असं ऐकून घरी पाठवलेली मुलं मी पाहिली आहेत. या आजारात ईएसआरवर विसंबू नका. सीआरपी करा, आणि मूल ठणठणीत असताना एकदा करून ठेवा, म्हणजे आजारात आलेला आकडा कशाशी ताडायचा ते कळेल.

वैनगंगाकाठ

ईएसआरचं हे मलाही नवीन. चांगल्या दिवसांतले आकडे लिहून ठेवायची कल्पना उत्तम आहे. सिकलसेलच्या कार्डावर पॅटर्न लिहिलेला असतो, त्याच्याच मागे पेनाने नेहमीचं हिमोग्लोबिन, पांढऱ्या पेशी, सीआरपी आणि पानथरी (प्लीहा) हाताला किती लागते ते लिहून ठेवलं तर रात्री-अपरात्री नव्या डॉक्टरला केवढं सोपं जाईल.

बालरोगवाला

सूक्ष्मदर्शींना दुजोरा. पण एक कुंपण घालतो, नाहीतर कोणी भलताच अर्थ काढेल. १४ हजार पांढऱ्या पेशी नेहमीच्या आहेत हे ताप नसलेल्या मुलाबद्दल. एसएस मुलाला १०१ च्या वर ताप आला तर तो "त्याचा नेहमीचा दाह" म्हणून घरी बसायचं नाही. या मुलांची पानथरी नीट काम करत नाही, न्यूमोकोकससारखा जंतू काही तासांत घात करतो. त्याच दिवशी दवाखाना. आमच्या भागात सोबत मलेरियाचीही तपासणी. एएस वाहकाला (ज्याला एकाच पालकाकडून सिकलचा जनुक आला आहे) फाल्सिपेरम मलेरियाच्या गंभीर रूपापासून थोडं संरक्षण असतं, आणि म्हणूनच मलेरियाच्या जंगलपट्ट्यात हा जनुक टिकला. एसएसला तो फायदा नाही. त्याला मलेरिया झाला तर आधीच कमी असलेलं रक्त धाडकन उतरतं.

पानाफुलांचा_वैद्य

एवढी रसायनं कशाला? रोज बीट, डाळिंब, खजूर आणि लोहाचं टॉनिक. रक्त वाढेल, रक्त वाढलं की वजन वाढेल. गुळवेलीचा काढा दाहावर रामबाण.

सूक्ष्मदर्शी

लोह कमी असल्याची तपासणी केली आहे का, एवढंच विचारतो.

बालरोगवाला

वैद्यबुवा, बीट-डाळिंबाला माझी ना नाही, मुलं आवडीनं खात असतील तर खुशाल द्या. लोहाच्या टॉनिकचं मात्र जपून. इथे रक्त कमी आहे ते लोह नाही म्हणून नव्हे, पेशी फुटतात म्हणून. फुटलेल्या पेशीतलं लोह शरीरातच राहतं. रक्त चढवलेल्या मुलात तर ते साठत जातं. त्यामुळे या मुलांना फोलिक ॲसिड द्यायचं, लोह तपासल्याशिवाय नाही.

यातही मेख आहे. आपल्या भागात जंत आणि तोकडा आहार यांमुळे काही एसएस मुलांत लोहाची कमतरताही सापडते. ती शोधायला फेरिटिन (शरीरातला लोहाचा साठा दाखवणारी तपासणी) करतात, आणि फेरिटिन दाहात आपोआप वाढतं. म्हणजे ते बरं दिसलं तरी लोह पुरेसं आहे असं छातीठोक म्हणता येत नाही. सोबत इतर तपासण्या बघाव्या लागतात. म्हणून हा निर्णय टॉनिकच्या दुकानात व्हायला नको.

गुळवेलीमुळे यकृताला इजा झाल्याच्या नोंदी भारतातूनच प्रसिद्ध झाल्या आहेत. सिकलच्या मुलांची कावीळ आधीच थोडी वर असते. नको.

पानाफुलांचा_वैद्य

ॲलोपॅथीवाल्यांना आमचं काही पटायचंच नाही. असो.

आश्रमशाळा_गुरुजी

उशिरा वाचतोय. मैदानाच्या कडेला उभं राहणाऱ्या मुलाचं वाचलं आणि आमच्या निवासी शाळेतले तीन-चार चेहरे समोर आले. शारीरिक शिक्षणाच्या तासाला "आळशी" म्हणून त्यांना जास्तीची फेरी मारायला लावणारे सहकारी मी पाहिले आहेत.

तुम्ही खाण्याचं बोललात, मी वेळेचं बोलतो. वसतिगृहात रात्रीचं जेवण दिवस मावळायच्या सुमारास उरकतं. सकाळचा नाश्ता प्रार्थना, अंघोळी, साफसफाई झाल्यावर. मध्ये बारा तासांहून जास्त पोट रिकामं. निरोगी पोर ते सहन करतं. ज्याचं शरीर झोपेतही जास्त खातं त्याचं काय?

दुसरी गोष्ट पाण्याची. या मुलांना लघवी जास्त होते, मूत्रपिंड लघवी दाट करू शकत नाही असं डॉक्टरांनी सांगितलं होतं. रात्री अंथरूण ओलं होतं. मग पोरं चिडवतात. मग हे पोर काय करतं, दुपारनंतर पाणीच पीत नाही. कोणाला सांगत नाही. एप्रिलमध्ये ४४-४५ अंशात असं दोन दिवस केलं की पाय दुखायला लागतात, आणि आम्ही म्हणतो, ऊन लागलं. आम्ही आता एवढंच केलं आहे की अशा मुलांची जागा दाराजवळ, रात्री एकदा उठवायची जबाबदारी मोठ्या मुलावर, आणि वर्गात पाण्याची बाटली बाकावर ठेवायला परवानगी. फुकटातलं काम आहे, पण मुख्याध्यापकांना पटवायला वेळ लागला.

वैनगंगाकाठ

गुरुजी, हे प्रत्येक प्रकल्प कार्यालयाच्या भिंतीवर लावायला हवं. पाण्याबरोबर थंडीचंही बघा. डिसेंबरात पहाटेच्या गार पाण्याच्या अंघोळीने झटके येतात. गरम पाणी मागणारं मूल लाडावलेलं नसतं.

थेम्सकाठची_वैदर्भी

मूळची चंद्रपूरची, आता लंडनमध्ये. इंग्लंडमध्ये प्रत्येक बाळाच्या टाचेतून रक्त घेऊन सिकलसेल तपासतात, मग आईवडील कोणत्याही वंशाचे असोत. एसएस निघालं तर तिसऱ्या महिन्याच्या आत पेनिसिलिन सुरू. माझ्या ओळखीच्या नायजेरियन कुटुंबातल्या मुलीची उंची-वजनाची नोंद दर भेटीत तक्त्यावर होते आणि आलेख वाकला की आहारतज्ज्ञ बसून बोलते. आईला कोणी रागवत नाही. मला त्यातलं हेच सगळ्यात वेगळं वाटलं.

एक विचारायचं होतं. भारतातला सिकलसेल सौम्य असतो असं इथल्या एका डॉक्टरकडून ऐकलं. खरं का?

बालरोगवाला

आपल्याकडच्या रुग्णांत एचबीएफ सरासरीने जास्त असतं, अरब-भारतीय जनुकगट म्हणतात त्याला, आणि काही भागांत त्यामुळे आजार खरोखर हलका जातो. पण विदर्भातल्या मुलांवरचे प्रकाशित अभ्यास बघितले तर वारंवार झटके, रक्त चढवणं, दाखल होणं हे सर्रास आहे. सौम्य असतो म्हणून औषध लांबवणं इथे परवडत नाही. पानथरीही आपल्या मुलांत जास्त वर्षं टिकून राहते. ती अचानक फुगून सगळं रक्त तिच्यात साचू शकतं, म्हणून डाव्या बरगडीखाली हात लावून ती कशी लागते हे आम्ही आयांना शिकवतो.

आकडेमोड्या

परत आलो. मूळ लेखात खर्चाचे चार वाटेकरी दिले आहेत. त्यात दाहाचा वाटा किती हे वेगळं काढता येतं का? की सगळं ॲनिमियाचंच आहे आणि दाह नुसता सोबतीला?

बालरोगवाला

प्रश्न नेमका आहे. वेगळं काढणं अवघड, कारण हे चारही एकमेकांत गुंतलेले आहेत. पेशी फुटल्या की ॲनिमियाही होतो आणि दाहही. हायड्रॉक्सियुरियाने खर्च उतरला, पण त्याने पेशी फुटणंही कमी होतं आणि पांढऱ्या पेशीही उतरतात, मग श्रेय कोणाला द्यायचं? त्यामुळे एका मुलाचा सीआरपी बघून त्याचा खर्च किती वाढला हे सांगता येत नाही. माझं मत विचाराल तर मज्जा आणि हृदय हा खर्चाचा पाया आहे. दाहामुळे तो वर चढतो, आणि मुख्य म्हणजे भूक मारली जाते. टीएनएफ, आयएल-६ ही रसायनं मेंदूत जाऊन भुकेवर काम करतात. म्हणजे दाह दोन्हीकडून मारतो, खर्चही वाढवतो आणि आवकही आटवतो. दाह कमी करायचं "दाहाचं औषध" म्हणून स्टेरॉइड मात्र कोणी सुचवलं तर घेऊ नका; थांबवल्यावर दुखणं उलटल्याचा अनुभव आहे.

जवसाची_चटणी

मग खायला नेमकं काय द्यायचं, तेही कोणीतरी सांगा की. महागडी पावडर सोडून.

वैनगंगाकाठ

आमच्याकडे चालतं ते सांगतो. तीन ऐवजी पाच-सहा वेळा खाणं, कारण एका बैठकीत या मुलांना जास्त जात नाही. भातावर तेलाची किंवा तुपाची धार, घट्ट वरण (फुळूक पाणी नव्हे), शेंगदाण्याचा लाडू दप्तरात. अंडं. मामा (माजी मालगुजारी) तलावातली मासळी जिथे मिळते तिथे तिला तोड नाही. मोहफुलांचे लाडू आमच्या बाया फार छान करतात, त्यात तीळ आणि दाणे घातले तर गोडव्याबरोबर प्रथिनंही जातात. सहा वर्षांखालच्या मुलांना आदिवासी भागात अमृत आहार योजनेतून अंडी-केळी मिळतात, ती मिळतात का ते विचारत राहायचं. आणि सगळ्यात महत्त्वाचं, आजारातून उठल्यावरचे दोन आठवडे. तेव्हा भूक परत येते, तेव्हा एक जास्तीचं जेवण घालायचं. गेलेलं वजन तेव्हाच भरून निघतं.

बालरोगवाला

दुजोरा. झिंकचं नाव जोडा. अमेरिकेतल्या एका चाचणीत एसएस मुलांना रोज १० मिलिग्रॅम झिंक दिल्यावर उंची बरी वाढली. या मुलांच्या लघवीतून झिंक जास्त जातं. मात्रा डॉक्टरांना विचारून.

आणि तुमच्या नावावरून आठवलं, जवसाची चटणी जरूर खा. सुदानमध्ये माशाच्या तेलातलं ओमेगा-३ दिल्यावर झटके कमी झाल्याचं दिसलं होतं, पण जवसातलं ओमेगा-३ वेगळ्या प्रकारचं, शरीर त्यातलं फार थोडं माशाच्या प्रकारात बदलतं. चटणी चवीसाठी, औषध म्हणून नको.

आश्रमशाळा_गुरुजी

अवांतर : २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात सिकलसेल आहे. प्रमाणपत्र काढून ठेवा, पुढे कामी येतं. एसटीतही या रुग्णांना सवलत आहे, तपासणीला जाताना कार्ड सोबत ठेवत जा.

धानपट्टा_आई

डॉक्टरसाहेब, औषध चालू केलं. त्यांनी रक्त तपासलं, वजन करून मात्रा पण बदलून दिली. अन् पोरगी रात्री झोपाच्या आधी दूध-पोळी मागते. सासूबाई म्हणतात रात्री खाल्ल्यानं पोट बिघडते. देऊ का?

बालरोगवाला

द्या ताई. गुरुजींनी सांगितलेली ती बारा तासांची पोकळी त्याने कमी होईल. दूध नसेल त्या दिवशी गूळ-शेंगदाणे द्या. सासूबाईंना माझं नाव सांगा.

धानपट्टा_आई

त्या म्हणतात, डॉक्टरले म्हणा मग लाडू मीच करून ठेवते.